‘अजून एक गोष्ट!’ म्हणणाऱ्या पोट्ट्यांसाठी

माहीत आहे का? वणीच्या निर्गुडेचं पाणी मोगलीच्या नदीला जाऊन मिळतं!

अगदी खरं! निर्गुडा वर्धेत शिरते, वर्धा पुढे गडचिरोलीच्या सीमेवर वैनगंगेला गाठते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. वैनगंगा म्हणजे तीच, जिच्या परिसरातल्या जंगलात रुडयार्ड किपलिंगने मोगलीला लांडग्यांच्या घरी वाढवलं. ‘जंगल बुक’ ही कुठल्या दूरदेशीची गोष्ट नव्हे, आपल्याच पाण्याचं पुस्तक आहे!

पुढची गंमत ऐका. हे भर जंगलातलं, घामाघूम करणारं पुस्तक लिहिलं गेलं अमेरिकेत, व्हर्माँटच्या बर्फात. छापून आलं १८९४ साली. आणि लेखक? पक्का मुंबईचा जन्म! १८६५ साली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवायचे आणि ‘जंगल बुक’मधली काही चित्रंही त्यांनीच काढली. लेकाची गोष्ट, बापाची चित्रं. एकदम फॅमिली पॅक!

तर मंडळी, आजचा मेन्यू हाच. मांडीवर बसून बघायची चित्रपुस्तकं आणि मग ‘आता माझं मी वाचणार’ म्हणायला लावणारी पहिली-वहिली छोट्या-छोट्या प्रकरणांची पुस्तकं. वय वर्षं दोन ते नऊ. आजी-आबाजींना एन्ट्री फ्री.

आणि हो, ही वणी सप्तशृंगीची नाशिकवाली नाही. ही आपली यवतमाळची. जमिनीखाली काळं सोनं, शेतात पांढरं सोनं. मधले सगळे रंग पुस्तकांत. चला!

अळी मिळी, पण गुपचिळी नाही!

कापसाच्या मुलखात अळीचं नाव काढलं की कपाळावर आठ्या पडतात. पण एक अळी अशी आहे, जिला जगभरची पोरं डोक्यावर घेतात. एरिक कार्लचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, साल १९६९. ही खादाडबाई फळं खात खात निघते आणि जिथून जाते तिथे पानाला खरंखुरं भोक! दोन वर्षांचं बाळ त्या भोकात बोट घालणारच. घालू द्या. पुस्तक त्यासाठीच आहे.

आयडिया कुठून आली माहीत आहे का? पंचिंग मशीनमधून! ऑफिसात कागदांना भोकं पाडतात तेच. कार्ल भोकं पाडत बसला होता, त्यावरून त्याला पुस्तक पोखरणारा किडा सुचला. किड्याचं नावही ठरलं, विली. संपादिका म्हणाली, किडा नको, अळी कर. बस्स! अळी आली म्हणजे शेवटच्या पानावर फुलपाखरू आलंच.

मग नवाच पेच. इतकी भोकं, छोटी-मोठी कापलेली पानं, हे परवडेल अशा दरात छापून देणारा छापखाना अमेरिकेत मिळेना. पहिली आवृत्ती छापली जपानने.

माझी शिफारस: इंग्रजी येवो न येवो, हे पुस्तक आपल्या बोलीत सांगा. शनिवारी अळी केक, आइसक्रीम, लोणचं असं काय काय हादडते आणि तिचं पोट दुखतं, ते पान वऱ्हाडीत जास्तच रंगतं.

मराठीची सुपरस्टार

आता जरा थांबायचं, कारण इथे खजिना आहे. नाव लिहून घ्या: माधुरी पुरंदरे.

या बाई जे. जे. मध्ये चित्रकला शिकल्या. पॅरिसला गेल्या. पुण्यात फ्रेंच शिकवलं. बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ मराठीत आणलं, पिकासोचं चरित्र लिहिलं. आणि मग? मग बालवाडीतल्या पोरांसाठी पुस्तकं! शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. वडील कोण, माहीत आहे का? शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. वडिलांनी घोडे, गड आणि तलवारी उभ्या केल्या. लेकीने आजी, आई, बाबा आणि शाळेचं दप्तर उभं केलं. दोन्हीकडे हाउसफुल्ल!

त्यांच्या पुस्तकांची नावंच बघा. ‘मोठी शाळा’. ‘हात मोडला’. ‘पाहुणी’. ‘बाबांच्या मिश्या’. राजा नाही, राणी नाही, उडती सतरंजी नाही. चार वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात ज्या ब्रेकिंग न्यूज असतात, त्याच या. हात मोडणं म्हणजे केवढी मोठी बातमी! घरी पाहुणं येणं म्हणजे केवढा इव्हेंट!

‘बाबांच्या मिश्या’ तर आपल्याकडे घरोघरी हवं. त्यातल्या अनूला बाबांचं सगळंच आवडतं, पण मिश्या सगळ्यात जास्त. ज्या बाबांना मिशी आहे त्यांनी हे पुस्तक स्वतः वाचून दाखवावं, इफेक्ट डबल. ज्यांना नाही त्यांनी निदान आठ दिवस न्हाव्याकडे जाऊ नये.

मग ‘राधाचं घर’. घरातल्या एकेका माणसावर छोटी छोटी पुस्तकं. आपलं माणूस काय करतं, कसं बसतं, कशावर चिडतं, एवढंच. पण पोरं दुसऱ्या दिवसापासून घरातल्यांकडे टक लावून बघायला लागतात. सावध राहा.

आणि माझं सगळ्यात लाडकं, ‘चित्रवाचन’. मोठमोठी चित्रं, त्यात गर्दी, गडबड, शंभर भानगडी. गोष्ट सांगायची कुणी? पोरानं! अक्षर ओळखीचं नसलेलं पोट्टं पुस्तक हातात घेऊन अर्धा तास बोलतं. यापेक्षा स्वस्त टीव्ही कुणाकडे असेल तर दाखवा.

वाचता यायला लागलं की ‘वाचू आनंदे’. बाल गट आणि कुमार गट, दोन्हींचे दोन-दोन भाग. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांचं मुलांना झेपेल असं वेचून काढलेलं लिखाण आणि सोबतीला नामवंत चित्रकारांची, लोककलांची चित्रं. भाषा आणि चित्रं एका ताटात. हे पुस्तक एका बैठकीत संपवायचं नाही. रोज दोन पानं, वर्षभर चैन.

बक्षिसं? २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. २०१६ साली ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’. मोठ्या-छोट्या पुस्तकांचं मोठ्ठं बक्षीस, मराठी लेखिकेला! टाळ्या!

भूत पाळायचंय?

माहीत आहे का? गटेचं ‘फाउस्ट’ आणि शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ ज्या हाताने मराठीत आणलं, त्याच हाताने मुलांसाठी भुतावळही पाळली. विंदा करंदीकर! ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ आलं १९८१ साली. पुढे याच कवीला २००३ चं ज्ञानपीठ. मुलांसाठी बारा कवितासंग्रह लिहिणारा ज्ञानपीठवाला रोज रोज मिळत नाही!

‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’, ‘सशाचे कान’, ‘अजबखाना’. शीर्षकं वाचूनच पाय थिरकतात. ही पुस्तकं मनात वाचायची नाहीत, असा माझा सक्त आग्रह आहे. मोठ्यानं वाचा, ताल धरा, ताटलीवर चमचा वाजवा. शेजारी विचारायला आले तर त्यांनाही बसवा.

भुताची भीती वाटणाऱ्यांसाठी राजीव तांबे यांचं ‘प्रेमळ भूत’ आहे. नावातच गॅरंटी. तांबेंना २०१६ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. भूत आनंदात असणार.

साखळी खेळूया!

एकच माणूस, चार गोष्टी. ओळखा! ‘अलबत्या गलबत्या’ नाटकात चिंची चेटकीण कोण झालं होतं? दिलीप प्रभावळकर. ‘बोक्या सातबंडे’ कुणी लिहिलं? दिलीप प्रभावळकर! दूरदर्शनवरचा चिमणराव? तेच. आणि २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ सिनेमात फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांची भूमिका कुणी केली? बरोब्बर, तेच ते!

बोक्याची सुरुवात रेडिओवर झाली होती. त्यामुळेच ती पुस्तकं कानाला इतकी गोड लागतात. सात-आठ वर्षांचं मूल असेल तर रात्री एक प्रकरण, त्याहून जास्त नाही. उद्यासाठी भूक ठेवायची.

बोक्या संपला की फास्टर फेणे. खरं नाव बनेश फेणे, गाव फुरसुंगी, शाळा पुण्यात, वाहन सायकल, सिग्नेचर ट्यून जिभेचा ‘ट्टॉक’. एकूण वीस पुस्तकं! लेखकाचा जन्म १९१० चा आणि हिरो आजही हाफ पँटीत. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथाही मराठीत आणल्या. त्यामुळे फेणेच्या धावपळीला आंतरराष्ट्रीय इंजिन आहे. जुन्या भाषेतले काही शब्द अडतील. अडू द्या. पोरं संदर्भाने पुढे पळतात, आपल्यापेक्षा फास्टर.

वाघ दारात आला तर?

आपल्या तालुक्यात हा प्रश्न विनोदाचा नाही. कोळसा खाणींच्या आसपास वाघ दिसल्याची बातमी वणीला नवी नाही. एका बाजूला टिपेश्वर, दुसऱ्या बाजूला ताडोबा. म्हणून ज्युडिथ केरचं ‘द टायगर हू केम टू टी’ वणीत वाचायची मजाच वेगळी. साल १९६८. बेल वाजते, दार उघडलं तर वाघ. चहाला आलाय! सगळा खाऊ फस्त, सगळा चहा फस्त आणि नळाचं पाणीसुद्धा संपवून गडी निघून जातो. उन्हाळ्यातलं वणी आठवा आणि ‘नळाचं पाणी संपलं’ हे वाक्य वाचा. घरात एकमताने हळहळ!

माहीत आहे का? पुस्तकातलं स्वयंपाकघर लेखिकेचं स्वतःचं, लंडनमधलं. लहानपणी नाझींच्या तावडीतून कुटुंबासकट निसटलेली ही बाई ९५ वर्षं जगली आणि म्हातारपणीही पुस्तकं करत राहिली.

जंगली पाहुण्यांची अजून एक गोष्ट. मॉरिस सेंडॅकला १९६३ च्या आपल्या पुस्तकात खरं तर जंगली घोडे काढायचे होते. पण घोडे काही जमेनात! मग घोड्यांऐवजी आले राक्षस, आणि पुस्तक झालं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. राक्षसांचे चेहरे कुणाचे? रविवारी घरी येऊन गालगुच्चे घेणाऱ्या काका-मावश्यांचे! तुमच्या पोराला पुस्तक दाखवा आणि विचारा, यातला आपला मामा कोणता?

पन्नास शब्दांची पैज

कॉन्व्हेंटला जाणाऱ्या चिमुरड्यांच्या आई-बाबांनो, इकडे लक्ष! डॉक्टर स्यूसच्या प्रकाशकाने पैज लावली, फक्त पन्नास वेगवेगळ्या शब्दांत पुस्तक लिहून दाखव. पैजेची रक्कम ५० डॉलर. उत्तर आलं १९६० साली, ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’. बरोबर पन्नास शब्द, त्यातले एकोणपन्नास एका दमात उच्चारता येणारे. इंग्रजीची धडकी भरलेल्या पोराच्या हातात हे द्या. पन्नास शब्द आले की अख्खं पुस्तक आलं!

तंजावरचा इसाप

आता टाइम मशीन. मुलांसाठी मराठीतलं सुरुवातीचं छापील पुस्तक कुठे निघालं? पुणे? मुंबई? नागपूर? चुकलात! तंजावर! सरफोजीराजे भोसल्यांनी आपल्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या, ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने. एकोणिसाव्या शतकाचं पहिलंच दशक. भोवती तमिळ मुलूख, मधोमध मराठी कोल्हा आणि मराठी द्राक्षं!

जगात बघायचं तर मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांचा आजोबा म्हणजे कोमेनियसचं ‘ऑर्बिस पिक्टस’, १६५८ सालचं. मुलांनी चित्र बघत शब्द शिकावेत, ही शक्कल तेव्हाची. आपल्या भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता त्याचाच पणतू.

विदर्भ मागे नाही हं! नागपूरच्या मोडक मंडळींचं ‘मुलांचे मासिक’ १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी टपालाने येत राहिलं. आबाजींना विचारा, पोस्टमनच्या सायकलची घंटा आठवते का. तासभर तरी मोकळा ठेवा, उत्तर लांबणार.

बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून. खास बातमी: ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन खुले केलेत. फुकट! आईने लहानपणी वाचलेला अंक आज लेकीला मोबाइलवर दाखवता येतो. चित्रांसकट, जाहिरातींसकट.

रेल्वेच्या डब्यातली शाळा

वणीत रेल्वे म्हटलं की आधी आठवते कोळशाची मालगाडी. त्या डब्यांत शाळा भरली तर? ‘तोत्तोचान’मध्ये खरंच भरते! लेखिका तेत्सुको कुरोयानागीच्या तोमोए शाळेचे वर्ग जुन्या रेल्वे डब्यांत होते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली. पण पुस्तक १९८१ मध्ये आलं आणि शाळा पुन्हा जगभर भरली. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी आवृत्ती आहे, खिशाला परवडणारी.

दोन धक्के घ्या. एक: त्यातली गोड चित्रं काढणारी चिहिरो इवासाकी पुस्तक येण्याच्या सात वर्षं आधी, १९७४ साली गेली होती! तिच्या आधीच्या चित्रांतून निवडून ही लावली, तरी वाटतं याच गोष्टीसाठी काढलीत. दोन: एका खंडातलं सर्वाधिक प्रती छापलं गेलेलं आत्मचरित्र म्हणून गिनीजमध्ये याची नोंद आहे. अडीच कोटींहून जास्त!

प्रकरणं इवलीशी, दोन-तीन पानांची. स्वतः वाचायला शिकणाऱ्या पोरासाठी अगदी बरोब्बर माप. शिक्षकांनो, वर्गात रोज एक वाचा. तास संपला तरी कुणी उठणार नाही.

‘श्यामची आई’ यापेक्षा थोड्या मोठ्यांसाठी. पण एक आकडा सांगून टाकते: गोष्टीत रात्री बेचाळीस, लिहायला दिवस अवघे पाच! १९३३ चा फेब्रुवारी, नाशिकचा तुरुंग.

काऊन? काऊन? काऊन?

महाश्वेतादेवींचं ‘द व्हाय-व्हाय गर्ल’ बघाच. शबर जमातीची मोयना सतत विचारत असते, असं का, तसं का. वणीत तिला सगळे ‘काऊन-काऊन पोट्टी’ म्हणाले असते. चेन्नईच्या टुलिकाने हे चित्रपुस्तक काढलं. ही मंडळी इंग्रजीसोबत मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुस्तकं करतात. ‘हजार चौऱ्याऐंशीची आई’ लिहिणारी लेखणी छोटीच्या प्रश्नांवर इतकी हळुवार होते, ते बघताना मला भरून येतं.

आता मायक्रोस्कोप काढा. जगातलं सगळ्यात छोटं छापील पुस्तक कोणतं? मुलांचंच! ‘टीनी टेड फ्रॉम टर्निप टाउन’, २००७, कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात सिलिकॉनवर कोरलेलं. वाचायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. हरवलं तर केरसुणीला विचारा.

आणि सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेलं? न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० साली सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा नंबर वन निघालं एक चित्रपुस्तक. एझ्रा जॅक कीट्सचं ‘द स्नोई डे’. ४,८५,५८३ वेळा! शेक्सपिअर, हेमिंग्वे, सगळे मागे. पुढे कोण? लाल कोट घालून बर्फात खेळणारं एक चिमुरडं.

फुकट ते पौष्टिक!

‘पुस्तकं महाग असतात हो’ ही तक्रार बाद. अरविंद गुप्ता माहीत आहेत ना? आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, काडेपेटी आणि सायकलच्या ट्यूबपासून खेळणी बनवणारे, २०१८ चे पद्मश्री. त्यांच्या वेबसाइटवर मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचा डोंगर आहे. डाउनलोड करा, एक पैसा नाही.

गाडी काढायची असेल तर भिलार! पाचगणी-महाबळेश्वरजवळचं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ पासून. घराघरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं, बालसाहित्यासाठीही खास जागा. बाहेर स्ट्रॉबेरी, आत गोष्टी. एवढं लांब नको असेल तर आपलं नगर वाचनालय गाठा. पोराला सोबत न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. उलटं धरलं तरी चालेल.

वाचून दाखवताना आवाजाची लाज नको बरं का! वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य होते राम शेवाळकर, ज्यांच्या वाणीसाठी महाराष्ट्र जीव टाकायचा. १९९४ च्या पणजी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष! ज्या गावात असा आवाज घुमला, तिथे वाघाची डरकाळी पुटपुटून वाचायची? छे! गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ द्या.

शेवटचा खजिना ऑनलाइन आहे: स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ साली ८ सप्टेंबरला, साक्षरता दिनी सुरू केलेला. ३०० हून जास्त भाषांतली चित्रपुस्तकं, मोफत. मराठी आहे, गोंडीही आहे. वाचायला कुठून सुरुवात करायची ते सांगते. शृंगेरी श्रीनिवासची गोष्ट शोधा. याचे केस लांब वाढलेत आणि कापायला कुणालाच वेळ नाही! लेखिका रोहिणी निलेकणी, मुंबईच्या मराठी घरातल्या लेक.

पण खरी धमाल पुढे आहे. तिथलं पुस्तक आवडलं तर तुम्ही स्वतः ते आपल्या भाषेत करून तिथेच प्रसिद्ध करू शकता. चित्रं तयार, फक्त शब्द तुमचे. मारेगाव, झरीकडच्या पोडांवर कोलामी बोलणारे कितीतरी आजी-आबाजी आहेत, आणि त्यांची कॉलेजात जाणारी, मोबाइल सफाईने चालवणारी नातवंडं वणीत आहेत. पोरांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीला शेजारी बसवा, श्रीनिवासच्या केसांची चित्रं दाखवा आणि ती काय बोलते ते टाइप करायला घ्या. वाक्यं छोटी आहेत, दोन संध्याकाळींत होऊन जाईल!